पाळीव कुत्र्याचे घरातील मूत्रचिन्हांकन

पाळीव कुत्र्याने घरातील वस्तूंवर, विशेषतः उभ्या पृष्ठभागांवर, थोडेसे मूत्र सोडून स्वतःचा गंध मागे ठेवणे या वर्तनास मूत्रचिन्हांकन असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच 'तंगडी वर करणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. दाराची चौकट, भिंतीचा कोपरा, पलंगाचा पाय, पडद्याची कड, धान्याचे पोते, पाहुण्यांची पिशवी ही या वर्तनाची नेहमीची ठिकाणे होत. कुत्र्याच्या दृष्टीने ही नैसर्गिक क्रिया आहे. घराबाहेर ती कोणाच्या लक्षातही येत नाही. घरात मात्र दुर्गंधी, वस्तूंची नासाडी आणि कुटुंबातील कुरबुरी यांचे ती कारण ठरते. एरवी गुणी असलेली अनेक कुत्री केवळ या सवयीमुळे मारहाण सोसतात, दिवसभर साखळीला बांधली जातात किंवा गावाबाहेर नेऊन सोडली जातात. कारण नीट ओळखल्यास बहुतेक कुत्र्यांमध्ये हे वर्तन बऱ्याच प्रमाणात कमी करता येते.

स्वरूप

मूत्रचिन्हांकन आणि मूत्रविसर्जन या दोन भिन्न क्रिया आहेत. मूत्राशय रिकामे करणे हा विसर्जनाचा हेतू असतो. अशा वेळी कुत्रे एकाच जागी बरेच मूत्र सोडते आणि ते बहुधा जमिनीवर पसरते. चिन्हांकनात मूत्र थोडे असते, जागा अनेक असतात आणि पृष्ठभाग बहुधा उभा असतो. कुत्रे आधी ती जागा हुंगते, मग वळून मागचा एक पाय उचलते. फिरायला जाऊन मोकळे होऊन आलेले कुत्रेही घरात शिरताच दाराच्या चौकटीवर चार थेंब सोडते, ते याच कारणाने. त्याला बाहेर पुरेसे नेले नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही.

हे वर्तन प्रामुख्याने वयात आलेल्या, निर्बीजीकरण न झालेल्या नरांमध्ये आढळते. लहान जातीची कुत्री साधारणपणे सहा महिन्यांच्या सुमारास वयात येतात, मोठ्या जातींना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. याच सुमारास पिल्लू पहिल्यांदा पाय उचलते. तोवर घरात स्वच्छ राहणारे पिल्लू एकाएकी 'बिघडले' असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ते केवळ प्रौढ झालेले असते. माद्याही चिन्हांकन करतात, विशेषतः माजावर येण्याच्या आधी आणि माजाच्या काळात. काही माद्या त्यासाठी पायही उचलतात. त्यामुळे पाय उचलला म्हणजे चिन्हांकन आणि बसून केले म्हणजे विसर्जन, ही विभागणी सर्वस्वी खरी नाही.

गंधाची भाषा

कुत्र्याच्या मूत्राचा वास दुसऱ्या कुत्र्याला बरेच काही सांगतो. तो नर की मादी, मादी माजावर आहे की नाही, ओळखीचा की परका, येऊन गेल्यास किती वेळ झाला, यांविषयीची माहिती त्यातून मिळते. नाकपुड्यांशिवाय कुत्र्याला आणखी एक घ्राणेंद्रिय असते. नाकाच्या पडद्याच्या तळाशी असलेल्या या इंद्रियाचे वर्णन डॅनिश शास्त्रज्ञ लुडविग जेकबसन यांनी १८१३ मध्ये केले, म्हणून त्यास जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. त्याची वाट वरच्या पुढच्या दातांमागे तोंडात उघडते. मूत्राची जागा चाटून कुत्रे दात कडकड वाजवते किंवा जीभ टाळ्याशी हलवते, तेव्हा ते हा गंध त्या इंद्रियाकडे पोचवीत असते.

'कुत्रा हद्द आखतो' हे नेहमीचे स्पष्टीकरण अपुरे आहे. कुंपण घालावे तशी हद्द आखली जात असती, तर दुसऱ्या कुत्र्याने ती ओलांडली नसती. प्रत्यक्षात कुत्री एकमेकांच्या खुणांवर सर्रास खुणा करतात. अमेरिकेतील ॲनेके लिसबर्ग आणि चार्ल्स स्नोडन यांनी कुत्र्यांच्या या प्रतिचिन्हांकनाचा अभ्यास केला आहे. गंधाच्या खुणा म्हणजे भिंतीपेक्षा गावाच्या चावडीवरील सूचनाफलक, असे म्हटल्यास ते वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल. प्रत्येक जण वाचतो आणि जाता जाता आपलीही ओळ लिहून जातो. बेटी मॅकग्वायर व सहकाऱ्यांना २०१८ मध्ये असे आढळले की, लहान चणीचे नर मोठ्या नरांच्या तुलनेत पाय अधिक वर उचलतात. त्यामुळे त्यांची खूण त्यांच्या उंचीच्या मानाने वर उमटते. या कुत्र्यांना जणू स्वतःविषयी थोडी अतिशयोक्ती करायची असते.

भारतातील मोकाट कुत्र्यांविषयी सुनीलकुमार पाल यांनी पश्चिम बंगालमधील काटवा येथे केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. लिंग, ऋतू, जागा आणि शरीराची ठेवण यांनुसार चिन्हांकन कसे बदलते, हे त्यात पाहिले आहे. नर माद्यांपेक्षा अधिक खुणा करतात आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धातील समागमाच्या काळात त्यांचे प्रमाण वाढते, असे त्यातून दिसते. मराठी लोकव्यवहाराला ही गोष्ट नवी नाही. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या सर्वांना ठाऊक आहे.

घरात चिन्हांकन होण्याची कारणे

चिन्हांकनाला बहुधा काहीतरी निमित्त लागते. ते निमित्त शोधणे हा उपायांचा निम्मा भाग आहे आणि तोच बहुतेक घरांत राहून जातो.

सर्वांत मोठे निमित्त म्हणजे परका गंध. खानदेशातील गावांत आणि शहरांतील जुन्या वस्त्यांत मोटारसायकल रात्री ओसरीत किंवा सरळ पुढच्या खोलीत घेण्याची पद्धत आहे. दिवसभर बाजारात, बसस्थानकाजवळ किंवा जिनिंग कारखान्याबाहेर उभ्या असलेल्या त्या गाडीच्या चाकांवर रस्त्यावरच्या कुत्र्यांनी आपापल्या खुणा केलेल्या असतात. संध्याकाळी ते चाक घरात येते आणि घरातले कुत्रे त्यावर उत्तर लिहिते. घरच्यांना तो खोडसाळपणा वाटतो. कुत्र्याच्या दृष्टीने पाहता, पाच-सहा परके नर थेट घरात येऊन उभे राहिलेले असतात. चपला, शेतातून आलेली पोती, दुसऱ्या घरून आणलेले जुने सामान आणि भाजीच्या पिशव्या यांचेही तसेच आहे.

दुसरे निमित्त म्हणजे घरातील बदल. नवे बाळ, नवी सून, मुक्कामाचे पाहुणे, दुसरे कुत्रे किंवा मांजर, रंगकाम, घर बदलणे यांमुळे कुत्रे अस्वस्थ होते आणि स्वतःचा गंध पसरवून ओळखीचे वातावरण पुन्हा उभे करू पाहते. खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतर येणारा कानबाईचा उत्सव याचे चांगले उदाहरण आहे. त्याआधी घराची रंगरंगोटी होते, भांडीकुंडी हलवली जातात, पाठोपाठ भाऊबंदकीतील माणसे सामानासह मुक्कामाला येतात. जुने गंध पुसले गेलेले, नवे गंध आलेले आणि बाहेर कुत्र्यांचा हंगाम जवळ आलेला, अशा तिहेरी योगात घरातील नर कुत्र्याने पाहुण्यांच्या बॅगेवर पाय उचलला, तर त्यात नवल नाही. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी बदलीवर आलेल्या कुटुंबांना आणखी एक अडचण येते. क्वार्टरमध्ये आधीच्या बिऱ्हाडाचे कुत्रे राहून गेले असेल, तर माणसाला न जाणवणारा त्याचा गंध भिंतींत आणि फरशीच्या सांध्यांत शिल्लक असतो.

तिसरे निमित्त माजावर आलेल्या मादीचे. ती दोन-चार घरे सोडून असली, तरी वाऱ्याबरोबर वास येतो. या दिवसांत नर खातपीत नाही, रात्री रडतो, दार ओरबाडतो आणि घरभर खुणा करतो.

खिडकी, जाळी किंवा फाटक यांतून रोज दिसणारे रस्त्यावरचे कुत्रेही चिन्हांकनास पुरेसे असते. डाग नेमके त्याच खिडकीखाली सापडतात, यावरून हे कारण सहज ओळखता येते.

खानदेशातील घरे आणि विशेष अडचणी

प्राण्यांविषयीच्या परदेशी पुस्तकांतील सल्ला गालिचे, लाकडी जमीन आणि मुबलक पाणी असलेल्या घरांसाठी लिहिलेला असतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील घरांची परिस्थिती वेगळी आहे.

धाब्याच्या घरात भिंती व जमीन मातीची असते. माती मूत्र शोषून घेते आणि पाणी मारले की तो ओलावा आणखी खोल जातो. पहिल्या पावसात अशा भिंतीला पुन्हा वास येऊ लागतो. येथे धुण्याचा उपयोग नाही. डागाची माती बोटभर खोल खरवडून काढावी लागते आणि ताज्या मातीने लिंपण करून पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला त्या जागेपासून दूर ठेवावे लागते. नुसते वरून सारवल्यास वास खाली तसाच राहतो.

शहाबादी आणि कोटा या फरश्या चुनखडीच्या दगडाच्या असतात. त्यांवर व्हिनेगर, लिंबाचा रस किंवा संडास धुण्याचे ॲसिड टाकल्यास दगड खरवडला जातो, त्याची चमक जाते आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागात पुढचे डाग अधिक मुरतात. गुळगुळीत सिरॅमिक टाइल्सना हा धोका नसतो. तेथे सांध्यांतील सिमेंट हीच कमकुवत जागा असते.

कापूस हा या भागातील जिव्हाळ्याचा विषय आहे. वेचणी झाल्यावर चांगल्या भावाच्या आशेने शेतकरी कापूस महिनोन्महिने राहत्या घरात साठवून ठेवतो. कधी पुढची खोली छतापर्यंत भरलेली असते आणि कुटुंब उरलेल्या जागेत राहते. मऊ, उबदार आणि शेताचे असंख्य वास घेऊन आलेला हा ढीग कुत्र्याला फार आकर्षक वाटतो. ओला आणि पिवळा पडलेला कापूस व्यापारी बाजूला काढतो किंवा त्याला कमी भाव देतो. त्यामुळे अशा घरात कुत्र्याची ही सवय केवळ किळसवाणी राहत नाही, तर खिशाला लागते आणि रागाचा फटका कुत्र्याला बसतो. कापूस घरात असेपर्यंत त्या खोलीचे दार बंद ठेवणे, दार नसल्यास फळ्या वा जाळीचा अडसर करणे, हाच येथे खात्रीचा मार्ग आहे. शिकवणीच्या भरवशावर कापूस उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही. उन्हाळ्यात अंगणात किंवा गच्चीवर खाटांवर वाळत घातलेले बिबडे, पापड व कुरडया यांनाही हेच लागू पडते.

अंगणातील तुळशीवृंदावन ही आणखी एक नाजूक बाब. उभे, एकटे, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीचे आणि कोपरे असलेले हे बांधकाम चिन्हांकनासाठी जणू मुद्दाम उभारल्यासारखे असते. त्यावर कुत्र्याने पाय उचलला म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी दुखावतात आणि कुत्रे ठेवावे की नाही, इथवर गोष्ट जाते. वृंदावनाभोवती दीड-दोन हातांवर कुंड्यांचे कडे किंवा कमी उंचीची जाळी केल्यास कुत्र्याला जवळ जाऊन वळायला जागा उरत नाही. त्याच वेळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला एक लाकडी खुंट रोवून तेथे पाय उचलल्यास शाबासकी दिली, तर बहुतेक नर तो खुंट पसंत करतात.

पाण्याची टंचाई आणि ऊन यांचाही विचार करावा लागतो. उन्हाळ्यात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा फरशी वारंवार धुणे शक्य नसते. मूत्र ताजे असताना जुन्या सुती कापडाने किंवा वर्तमानपत्राने दाबून टिपून घेतल्यास थोड्या पाण्यात काम होते. पुसत पसरवल्यास दुप्पट पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात, म्हणून बाहेर नेण्याच्या वेळा पहाटे आणि सूर्यास्तानंतर ठेवाव्या लागतात. दिवसभर घरात कोंडलेले कुत्रे अधिक खुणा करते. घरात मूत्र होऊ नये म्हणून त्याचे पाणी तोडणे मात्र धोकादायक आहे. या उन्हात त्यामुळे उष्माघात होऊ शकतो.

आजाराची शक्यता

सवय बदलण्यापूर्वी आजार नाही याची खात्री करणे आवश्यक आहे. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयातील खडे, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार आणि वयस्क नरांत पुरस्थ ग्रंथीची वाढ यांत वारंवार व थोडे थोडे मूत्र होऊ शकते. निर्बीजीकरण झालेल्या वयस्क माद्यांत झोपेत मूत्र गळते. तो स्नायूंचा दोष असतो, वर्तनाचा नव्हे. खाज किंवा सांधेदुखीसाठी दिलेल्या स्टिरॉइड औषधांनी तहान आणि मूत्र दोन्ही वाढतात. म्हातारी कुत्री कधी कधी शिकलेलेच विसरतात.

मूत्रात रक्त, मूत्र करताना कण्हणे, वाढलेली तहान, एकाएकी सुरू झालेली सवय किंवा झोपलेल्या जागी ओल ही लक्षणे दिसल्यास कुत्र्याला पशुवैद्यकाकडे नेऊन मूत्रतपासणी करून घ्यावी. नर कुत्रे जोर करीत असूनही मूत्र येत नसेल, तर तातडीने न्यावे. खडा अडकून मूत्रमार्ग बंद झाल्यास जिवावर बेतते. शासनाची पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालये जिल्ह्याच्या ठिकाणी असतात आणि तालुक्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. तेथील रांगेत गाई-म्हशी अधिक दिसत असल्या, तरी कुत्र्यांनाही तेथे तपासले जाते.

उपाय

डाग शोधणे व स्वच्छता

जुना गंध शिल्लक असेपर्यंत दुसरा कोणताही उपाय टिकत नाही. वाळलेले डाग दिवसा दिसत नाहीत. अंधार करून अतिनील प्रकाशाच्या लहान टॉर्चने पाहिल्यास ते फिकट चमकतात; नोटा तपासण्यासाठी मिळणारी टॉर्च यासाठी चालते. डाग जमिनीपासून एक-दोन वीत उंचीवर शोधावेत. बहुतेक जण केवळ फरशी पाहतात आणि भिंत विसरतात.

मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो आणि नेहमीचा उग्र दर्प येतो. एन्झाइमयुक्त द्रावणे या सेंद्रिय द्रव्यांचेच विघटन करतात, म्हणून ती सर्वांत परिणामकारक ठरतात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ती मिळतात. द्रावण शिंपडून लगेच पुसण्याची चूक सर्रास होते. ते डागावर दहा-पंधरा मिनिटे ओले राहू द्यावे आणि नंतर आपोआप वाळू द्यावे. त्याआधी त्या जागी फिनाइल किंवा जंतुनाशक वापरले असल्यास साध्या पाण्याने ते धुऊन काढावे, अन्यथा एन्झाइम निकामी होतात. द्रावण न मिळाल्यास चुनखडीच्या फरशीवर खाण्याचा सोडा आणि पाणी, तर सिरॅमिक टाइल्सवर पाणी मिसळलेले पांढरे व्हिनेगर वापरता येते.

फिनाइलने माणसाच्या नाकाला स्वच्छ वाटते, एवढाच त्याचा उपयोग. त्याच्या उग्र वासाखाली मूत्राचा गंध कुत्र्याला मिळतोच. फरशी चाटणाऱ्या कुत्र्या-मांजरांना ते अपायकारकही आहे. अमोनिया असलेले क्लीनर तर मूत्राच्याच वासाची आठवण देतात. ब्लीच मूत्रावर टाकू नये. अमोनियाशी संयोग होऊन डोळे व घसा जाळणारा वायू तयार होतो.

निर्बीजीकरण

वयात आलेल्या नरांसाठी हा सर्वांत प्रभावी एकच उपाय आहे, मात्र तो रामबाण नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ५७ नर कुत्र्यांचा विचार केला होता. घरातील चिन्हांकन, अंगावर चढणे आणि भटकणे या वर्तनांत ६० टक्के किंवा अधिक कुत्र्यांत निम्मी वा त्याहून जास्त सुधारणा झाली. ९० टक्के वा अधिक सुधारणा केवळ २५ ते ४० टक्के कुत्र्यांत दिसली. कुत्र्याचे वय किंवा सवय किती जुनी आहे, याचा निकालावर परिणाम आढळला नाही. 'आता मोठा झाला, शस्त्रक्रियेचा काय उपयोग' या नेहमीच्या आक्षेपाला यातून उत्तर मिळते. रक्तातील नर संप्रेरक शस्त्रक्रियेनंतर लवकर उतरते, पण सवय ओसरायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

नराच्या निर्बीजीकरणाविषयी घरातील पुरुषमंडळींचा विरोध हा वैद्यकीय कारणांपेक्षा भावनिक असतो, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. कुत्रे सुस्त होईल, राखण करणार नाही, ही भीती नेहमी बोलून दाखवली जाते. राखण करण्याची वृत्ती या शस्त्रक्रियेने नाहीशी होत नाही. वजन वाढू शकते, ते आहार कमी करून आवरता येते. भटकणे घटल्याने रस्त्यावरील अपघात, भांडणे आणि समागमातून पसरणारा जननेंद्रियांचा संसर्गजन्य अर्बुद यांचा धोकाही कमी होतो. मोठ्या जातींत शस्त्रक्रिया कोणत्या वयात करावी याविषयी मतभेद आहेत. हाडांची वाढ पूर्ण होऊ देण्याचा सल्ला बरेच पशुवैद्यक देतात.

देखरेख व शिकवण

सवय मोडण्याचा पहिला नियम म्हणजे ती घडू न देणे. काही आठवडे कुत्र्याला घरात एकटे मोकाट फिरू देऊ नये. कोणाचे लक्ष असेल तेव्हा ते त्याच खोलीत असावे, एरवी लहान जागेत किंवा सैल दोरीने जवळ बांधलेले असावे. हुंगणे, गोल फिरणे, वस्तूला बाजू देऊन उभे राहणे ही पूर्वचिन्हे होत. ती दिसताच टाळी वाजवून किंवा नाव घेऊन लक्ष वेधावे, बाहेर न्यावे आणि तेथे मूत्र केल्यावर तत्क्षणी खाऊ द्यावा. घरी परतल्यावर दिलेला खाऊ उपयोगाचा नाही, कारण कुत्र्याच्या लेखी तो घरात शिरल्याबद्दल असतो.

बाहेर नेण्याच्या वेळा ठराविक असाव्यात: उठल्यावर, जेवणानंतर, खेळानंतर आणि निजण्यापूर्वी. फिरताना प्रत्येक खांबापाशी थांबू देण्याची गरज नाही. मात्र हुंगण्यास अजिबात मज्जाव केल्यास कुत्र्याचा कोंडमारा होतो. काही ठिकाणी थांबायचे आणि काही ठिकाणी पुढे चालायचे, असा मध्यममार्ग साधतो.

डागाच्या जागेचे प्रयोजनच बदलणे हा साधा, पण फारसा न वापरला जाणारा उपाय आहे. ती जागा नीट स्वच्छ करून तेथे कुत्र्याचे अन्न, पाण्याचे भांडे किंवा अंथरूण ठेवावे. जेवायच्या व झोपायच्या जागी कुत्री सहसा खुणा करीत नाहीत. नव्या वस्तू काही दिवस उंचावर ठेवाव्यात. मोटारसायकलची चाके आत घेण्यापूर्वी पाण्याने पुसावीत किंवा गाडी ओसरीच्या बाहेर लावावी. पाहुण्यांच्या बॅगा कपाटावर जाव्यात. रस्ता दिसणाऱ्या खिडकीचा खालचा भाग कागदाने झाकावा. घरात दोन नर असतील आणि एक दुसऱ्याच्या खुणेवर खूण करीत असेल, तर दोघांवर स्वतंत्र लक्ष ठेवावे लागते. निर्बीजीकरण एकाचेच करून भागत नाही.

एका वहीत तारीख, वेळ, जागा आणि त्याआधी काय घडले, एवढे लिहीत गेल्यास आठ-पंधरा दिवसांत निमित्ताचा माग लागतो. घरातील शाळकरी मुले हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात.

लहान नरांसाठी कमरेभोवती गुंडाळण्याचे शोषक पट्टे मिळतात. त्यांनी वस्तू वाचतात, सवय मात्र जात नाही. पट्टा ओला राहिल्यास उकाड्यात कातडीला पुरळ येते, म्हणून तो थोड्या वेळासाठीच वापरावा. भीती वा अस्वस्थता हे मूळ असल्यास पशुवैद्यक फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांसारखी औषधे देतात. माणसांसाठीच्या गोळ्या परस्पर देणे घातक ठरू शकते.

प्रचलित समजुती

महाराष्ट्रातील अनेक गावांत घराच्या ओट्यावर किंवा फाटकाशी निळीचे पाणी भरलेल्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. कुत्री निळ्या रंगाला घाबरतात, अशी त्यामागील समजूत आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग ओळखता येतात; निळ्याची भीती वाटण्याचे कारण मात्र आढळत नाही. बाटलीवरच खूण केलेली पाहायला मिळणे दुर्मीळ नाही.

मूत्रात नाक घासणे हा उपाय जुना आणि निरुपयोगी आहे. घटनेनंतर काही क्षणांनी केलेली शिक्षा कुत्र्याला त्या कृतीशी जोडता येत नाही. ते फक्त माणसाला भ्यायला शिकते आणि पुढच्या वेळी पलंगाखाली, कोणी पाहत नसताना खूण करते. कान पाडणे व अंग चोरणे याला घरचे 'चूक कळल्याची खूण' समजतात; ती मालकाचा चढलेला आवाज ऐकून आलेली भीती असते. कुत्रा सूड म्हणून असे करतो, ही समजूतही निराधार आहे. मिरचीपूड टाकल्याने कुत्र्याचे डोळे व नाक जळतात. डांबराच्या गोळ्या खाल्ल्यास कुत्र्याला विषबाधा होते.

सार्वजनिक आरोग्य

कुत्र्याच्या मूत्रातून माणसाला होणारा महत्त्वाचा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. बाधित कुत्रे वरकरणी निरोगी दिसत असूनही त्याच्या मूत्रातून हे जंतू बाहेर पडू शकतात. कातडीवरील जखम किंवा डोळे, नाक व तोंडातील ओलसर अस्तर यांतून ते शरीरात शिरतात. ओलसर जागी आणि साचलेल्या पाण्यात ते टिकतात, म्हणून पावसाळ्यात धोका अधिक असतो. रांगते मूल असलेल्या घरात डाग साफ करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पिल्लांना दिल्या जाणाऱ्या एकत्रित लशींपैकी अनेकींत या रोगावरील लशीचा अंतर्भाव असतो आणि ती दरवर्षी पुन्हा द्यावी लागते.

कायदेशीर बाजू

प्राणी जन्म नियंत्रण नियम २००१ मध्ये लागू झाले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. पाळीव कुत्र्याचे लसीकरण व निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी मानली आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे, आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि वाजवी कारणाशिवाय अशा स्थितीत सोडून देणे, की त्याला उपासमार वा तहान सोसावी लागेल, हे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी या कलमात दहा ते पन्नास रुपये दंड सांगितला आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. राष्ट्रीय महामार्गालगतच्या ढाब्यांजवळ किंवा बाजार समितीच्या आवारात सोडून दिलेली पाळीव कुत्री रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्यांप्रमाणे अन्न मिळवू शकत नाहीत आणि तेथील टोळ्याही त्यांना जवळ येऊ देत नाहीत.